न विसळलेले फ्लास्क

१९९४ साली मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. विषय होता घन क्षारांचं गॅमा किरणांनी होणारं विघटन. कुरुंदवाडला आमचं किराणा आणि बी-बियाण्यांचं दुकान. अप्पांनी विषयाचं नाव दोनदा ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे नक्की काय करणार तू?"

"सोऱ्यावर किरण सोडायचे आणि तो किती मोडतो ते मोजायचं."

सोरा त्यांना ठाऊक होता. फटाक्यांच्या दारूत पडतो तो. "मोडल्यावर कसा दिसतो?" त्यांनी विचारलं.

"तसाच. पांढरा."

 तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि अप्पा तिकडे वळले. घरात अडवणारं कुणी नव्हतं. मुलींनी किती शिकायचं ही भांडणं माझ्या थोरल्या बहिणीच्या वेळीच होऊन गेली होती, त्यामुळे माझ्या वाट्याला फक्त प्रश्न आले.

सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्याच्या स्फटिकात नायट्रोजनचा एक अणू आणि त्याला धरून बसलेले तीन ऑक्सिजन अशा गटांच्या रांगाच्या रांगा असतात. गॅमा किरण त्यातून आरपार जातात, आणि जाता जाता हजारांतल्या एखाद्या गटातला एक ऑक्सिजन सुटतो. मागे राहतो तो नायट्राइट. पाण्यात हे घडलं असतं तर सुटलेला ऑक्सिजन कुठेही वाहत गेला असता. घन स्फटिकात त्याला जायला जागा नसते. तो शेजारीच कुठेतरी अडकून पडतो, किंवा परत जोडला जातो. किती सुटले, किती परत आले आणि किती अडकले, याचा हिशेब लावणं एवढंच आमचं काम होतं.

किरणांचं यंत्र कोल्हापुरात नव्हतं. दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेत ते होतं. शिशाचं जाड कवच असलेलं, माणसाच्या खांद्याएवढं पिंप, आणि त्याच्या पोटात कोबाल्ट. काचेच्या छोट्या नळ्यांत सोरा भरून मी एसटीने तिथे जायचे. नळ्या एका खणात ठेवायच्या, बटण दाबायचं, खण खाली पिंपाच्या पोटात जायचा. मग त्या तिथेच सोडून मी परत यायचे, कारण पुरेसे किरण मिळायला काही आठवडे लागत. कोबाल्ट स्वतःही दरवर्षी म्हातारा होत असतो. तिथले ऑपरेटर मला दर खेपेला सांगायचे, "मागच्या वेळेपेक्षा दोन दिवस जास्त ठेवा." नळ्या आणायला पुन्हा एसटी. कंडक्टरने एकदा मांडीवरच्या डब्याकडे बोट करून विचारलं होतं, "ह्यात काय हाय?" मी मीठ म्हणाले. तो म्हणाला, "मिठाला एवढी जपणूक?" आणि पुढे गेला. किरण खाल्लेला क्षार स्वतः किरण सोडत नाही हे त्याला समजावत बसण्यापेक्षा मीठ म्हणणं सोपं होतं.

आमचे सर, म्हणजे माझे गाईड, तेव्हा पंचावन्नच्या पुढचे होते. लांब बाह्यांचा शर्ट, मनगटावरची बटणं लावलेली, बिनसाखरेचा चहा. विद्यार्थ्यांनाही ते तुम्ही म्हणत. तरुणपणी, साधनं काहीच नसताना, त्यांनी याच सोऱ्यावर काम केलं होतं. ठरावीक ऊर्जा शोषली की किती नायट्राइट तयार होतं, याचा एक आकडा त्यांनी काढला होता आणि तो एका परदेशी नियतकालिकात छापून आला होता. पुढे काही लोकांनी आपल्या लेखांत तो वापरला. लेखाची प्रत मागणारी पोस्टकार्डं वेगवेगळ्या देशांतून आली होती. ती सरांनी कपाटात रबरबँड लावून ठेवली होती. आम्ही विद्यार्थी त्याला 'सरांचा आकडा' म्हणत असू. सर स्वतः त्याबद्दल बोलत नसत. बोलायची गरज नव्हती, कारण माझ्या विषयाची सुरुवातच त्या आकड्यापासून होत होती. सोऱ्यात तो काढायचा, मग त्याच कुळातल्या इतर नायट्रेटांत काय होतं ते बघायचं.

माझे पहिले निकाल सरांच्या आकड्याशी तंतोतंत जुळले. मला आनंद झाला. सर म्हणाले, "ठीक आहे. पुढचा क्षार घ्या."

प्रयोगशाळेत आणखी एक माणूस होता. अटेंडंट. त्यांना सगळे मामा म्हणत. शाहूवाडीकडच्या डोंगरातलं गाव, घरी भातशेती, बायको-मुलं गावीच. आठवडाभर ते कोल्हापुरात एका खोलीत राहत आणि शनिवारी दुपारच्या एसटीने घरी जात. काचेची भांडी धुणं हे त्यांचं मुख्य काम आणि ते त्यांच्या हातचं बघण्यासारखं होतं. धुण्याच्या सोड्याच्या कडक पाण्यात भांडं बुडवून ठेवायचं, ब्रशने घासायचं, नळाच्या पाण्याने तीनदा विसळायचं आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटरने एकदा. मग उलटं करून रॅकवर. रॅकवर उलटं ठेवलेलं भांडं म्हणजे वापरायला तयार, हा आमच्यातला न बोललेला करार होता.

एकदा मी गंमत म्हणून एका नळीत साधं खायचं मीठ किरणांत ठेवलं होतं. ते बाहेर आलं तेव्हा चहासारख्या तपकिरी रंगाचं झालं होतं. मी मामांना दाखवलं. त्यांनी नळी उजेडात धरली. "करपलं व्हय?"

"नाही मामा. आत इलेक्ट्रॉन अडकलेत. त्यांचा रंग आहे तो."

त्यांनी नळी खिडकीत ठेवली. काही दिवसांनी उन्हाने रंग उडून मीठ पुन्हा पांढरं झालं. मामांनी मला बोलावून विचारलं, "आता कुठं गेलं ते?"

"सुटले. आपापल्या जागी गेले."

"मग बरं झालं की," ते म्हणाले आणि नळी धुवायला घेऊन गेले.

जे घडलं ते १९९६ च्या जुलैमधलं आहे. मी नुकत्याच नळ्या घेऊन आले होते. सोऱ्याच्या तीन नळ्या, सगळ्यांत जास्त किरण मिळालेल्या. त्यांच्यासाठी मी दोन महिने थांबले होते. शनिवार होता. पाऊस लागून राहिला होता. दुपारी मी रॅकवरचे तीन फ्लास्क घेतले, प्रत्येकात एकेक नळी रिकामी केली, पाणी घालून सोरा विरघळवला. आता त्यात रसायनं घालायची, गुलाबी रंग येतो, तो रंग किती गडद आहे ते यंत्रावर मोजायचं. जितका नायट्राइट जास्त तितका गुलाबी गडद. रसायनं घालायच्या आतच वीज गेली. मी तासभर वाट बघितली. वीज आली नाही. फ्लास्कना बूच लावून, अंधाऱ्या कपाटात ठेवून मी खोलीवर गेले.

सोमवारी मोजलं तर आकडा सरांच्या आकड्याच्या जवळजवळ दीडपट आला. तिन्ही फ्लास्कमध्ये.

मी लिटमसचा कागद बुडवला. तो निळा झाला. सोऱ्याच्या द्रावणात लिटमस निळा व्हायचं काहीच कारण नाही. मी रॅकवरचा दुसरा एक फ्लास्क घेऊन त्यात थोडं पाणी फिरवलं आणि कागद बुडवला. निळा. भांडी सोड्यातून काढली होती, पण विसळली नव्हती.

त्या क्षणी मला जो राग आला तो मला अजून आठवतो, कारण मला सहसा राग येत नाही. दोन महिने, चार एसटी प्रवास आणि तीन नळ्या. मी तशीच सरांच्या खोलीत गेले. सांगताना मी काय काय बोलले ते नेमकं आठवत नाही. मामांबद्दल मी "नेहमीचंच आहे" असं काहीतरी म्हणाले, हे मात्र आठवतं. ते खरं नव्हतं. मामांनी याआधी असं कधीही केलं नव्हतं.

सरांनी मामांना बोलावलं. प्रयोगशाळेत एम.एस्सी.ची पंधरा-वीस मुलं प्रॅक्टिकल करत होती. सर आवाज चढवणारे नव्हते. त्या दिवशीही त्यांनी चढवला नाही, पण दार उघडं होतं आणि सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं.

"शनिवारी भांडी कोणी धुतली?"

"म्या धुतली सायब."

"विसळली?"

मामांनी उघड्या दारातून रॅककडे बघितलं.

"विसळली का?"

"न्हाय. रोपलावण चालू हाय माझी. पाऊस लागल्यावर चिखलणी थांबत न्हाय. दोनची येष्टी सुटत हुती. म्हटलं सोमवारी लवकर यीऊन इसळू, तर गाडी वाटंत बंद पडली. रॅकवर ठेवाय नको हुती. चुकलं माझं."

"या बाईंचं दोन महिन्यांचं काम गेलं."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. सरांनी कार्यालयाला लेखी तक्रार केली. मामांना मेमो मिळाला आणि पंधरा दिवसांत त्यांची बदली कॉलेजच्याच दुसऱ्या इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या स्टोअरमध्ये झाली. त्यांच्या जागी जो माणूस आला तो भांडी बरी धुवायचा.

त्या तीन निकालांवर मी वहीत आडवी रेघ ओढली आणि नवीन नळ्या भरून पुन्हा एसटीत बसले.

सप्टेंबरात मला सहामाही अहवाल लिहायचा होता. त्यात तीन नळ्या वाया का गेल्या याचं कारण द्यावं लागणार होतं. मी लिहिलं: भांड्यात सोडा राहिल्यामुळे निकाल जास्त आला. वाक्य लिहून झालं आणि मी थांबले. सोड्यामुळे निकाल जास्त का येईल? सोड्यात नायट्राइट असतो का? नसावा. पण नसावा हे पुरेसं नव्हतं. मी स्टोअरमधून तोच सोडा मागवला, किरण न दिलेला सोरा घेतला, दोन्ही एकत्र विरघळवून दोन दिवस ठेवले आणि रसायनं घातली. द्रावण पाण्यासारखं राहिलं. गुलाबीचा मागमूस नाही.

हा प्रयोग जुलैमध्ये त्याच सोमवारी करायला हवा होता. हाताचं काम अर्ध्या तासाचं, बाकी नुसतं दोन दिवस थांबणं; बिनकिरणांचा सोरा बरणीभर होता. मी तो केला नाही. मला कारण सापडलं होतं आणि ते कारण म्हणजे एक माणूस होता.

सोड्यात नायट्राइट नव्हता, मग जास्तीचा नायट्राइट आला तो किरण खाल्लेल्या सोऱ्यातूनच. नवीन नळ्या आल्यावर मी एकाच नळीतल्या सोऱ्याचे दोन भाग केले. एक साध्या पाण्यात, एक सोड्याच्या पाण्यात. साध्या पाण्यातल्याने सरांचा आकडा दिला. सोड्यातल्याने दीडपट. लगेच मोजलं तर फरक कमी, दोन दिवस ठेवून मोजलं तर पूर्ण. मी हे चार वेळा केलं. किरण दिलेल्या सोऱ्यात नायट्राइटशिवाय आणखी काहीतरी होतं. साध्या पाण्यात पडलं की ते गुपचूप पुन्हा नायट्रेट होऊन जात होतं आणि मोजणाऱ्याला दिसत नव्हतं. सोड्याच्या पाण्यात मात्र ते हळूहळू नायट्राइट बनत होतं. म्हणजे सरांच्या पद्धतीने मोजलं की किरणांनी केलेल्या मोडतोडीचा एक भाग विरघळतानाच पुसला जात होता.

मी सरांना वही दाखवली. त्यांनी ती बराच वेळ वाचली.

"ब्लँक पुन्हा करा," ते म्हणाले.

ब्लँक म्हणजे तो बिनकिरणांच्या सोऱ्याचा प्रयोग. मी पुन्हा केला. आठवड्याने ते म्हणाले, "सोडा दुसऱ्या कंपनीचा घ्या." मी घेतला. मग म्हणाले, "धुण्याचा सोडाच नको, शुद्ध कॉस्टिक सोडा वापरा." कॉस्टिकमध्ये सोरा विरघळवला तेव्हा द्रावणाला अगदी फिकट पिवळी झाक आली आणि थोड्या वेळाने ती उडाली. मी सरांना बोलावून दाखवली. ते वाकून बघत राहिले.  असं करता करता मार्च उजाडला. माझं काम पुढे सरकत नव्हतं आणि सर नाही असंही म्हणत नव्हते. विभागातले इतर मला सांगत होते की गाईडच्या आकड्याला हात लावू नको, एक प्रकरण सोडून दे, पदवी घे. मला ते पटत होतं. सर आणखी एकदा "पुन्हा करा" म्हणाले असते तर मी कदाचित ते प्रकरण सोडूनही दिलं असतं.

एका सकाळी त्यांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर तपकिरी कव्हर घातलेली एक जुनी वही होती. त्यांनी तिचं एक पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. बारीक, सरळ अक्षर. निकालांचा एक रकाना. त्यातल्या एका आकड्यावर लाल शाईची काट होती आणि समासात 'दूषित' असा शेरा होता. काटेखालचा आकडा वाचता येत होता. तो माझ्या दीडपटीच्या जवळचा होता.

"त्या वेळी आपल्याकडे डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र नव्हतं," सर म्हणाले. "मी पाणी दुसऱ्या विभागातून आणायचो. एकदा सुट्टीत ते बंद होतं, म्हणून बोअरचं पाणी उकळून, गाळून वापरलं. उकळलेलं बोअरचं पाणी थोडं अल्कली होतं, तुमच्या सोड्याच्या पाण्यासारखं. त्यात विरघळवलेला सोरा रात्रभर तसाच ठेवला होता. हा आकडा त्याचा."

"बोअरच्या पाण्यात नायट्राइट असू शकतो, सर. काट मारणं बरोबरच होतं."

"काट मारायला कारण होतं, हो. कारण होतं म्हणून मी पुढे बघितलं नाही." त्यांनी वही मिटली. "गेले सहा महिने मी तुम्हाला पुन्हा करा म्हणतोय. हे पान मला ऑक्टोबरमध्येच सापडलं होतं."

 मग ते म्हणाले, "तुम्ही मुंबईला जा. लायब्ररीत हे कुणी आधी पाहिलंय का ते शोधा. आपल्याकडे येणारी नियतकालिकं फार थोडी आहेत."

मी मुंबईला चार दिवस राहिले आणि झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आले. इतरांनी ते आधीच पाहिलं होतं. सुटलेला ऑक्सिजन त्याच गटात उलट्या बाजूने येऊन चिकटतो आणि एक अस्थिर पदार्थ तयार होतो, पेरॉक्सिनायट्राइट. त्याची फिकट पिवळी झाक, त्याचं अल्कलीतलं वागणं, सगळं वर्णन केलेलं होतं. मी जो शोध लावला होता तो आधीच लागून गेलेला होता. सरांच्या हातून जो सुटला होता तोही. मी झेरॉक्स सरांच्या टेबलावर ठेवले. ते म्हणाले, "मग आता भांडायचं कारणच उरलं नाही. तुमच्या थिसिसमध्ये लिहा की माझा आकडा कमी आहे आणि का कमी आहे. गोलगोल लिहू नका."

मामांना भेटायला मात्र मी लगेच गेले नाही. सप्टेंबरात ब्लँक केला त्या दिवशीच जायला हवं होतं. आधी सरांची खात्री होऊ दे, असं मी स्वतःला सांगितलं होतं. मुंबईहून आल्यावर गेले. स्टोअर म्हणजे लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना बरण्यांच्या मांडण्या, मध्ये एक टेबल. मामा रजिस्टर लिहीत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सोड्यामुळे निकाल बिघडला नव्हता, उलट खरा निकाल त्यामुळेच दिसला, मी तेव्हा तपासायला हवं होतं, आणि 'नेहमीचंच आहे' हे मी खोटं बोलले होते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बसा की."

मी बसले.

"ताई, बाटली म्या इसळली न्हवती. ह्ये खरं हाय का न्हाय?"

"खरं आहे."

"मग? तुमचं गणित बराबर आलं म्हणून माझी बाटली स्वच्छ झाली व्हय? चूक ती चूकच हाय. तुमी नेहमीचंच म्हटलासा, ते मातुर लागलं. बारा वर्सं धुतली भांडी, एकदाच तेवढी न्हाय इसळली."

"हो, मामा."

"बास. आता त्ये काढू नगा." त्यांनी मला चहा मागवला. आम्ही भाताबद्दल बोललो. त्या वर्षी पीक बरं आलं होतं.

मी सरांना विनंती केली की मेमो मागे घ्यावा. सर कार्यालयात गेले. तिथे त्यांना सांगितलं की सर्व्हिस बुकातली नोंद काढता येत नाही, फार तर खाली आणखी एक नोंद करता येईल. सरांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं की कर्मचाऱ्याच्या त्रुटीमुळे कामाचं नुकसान झालेलं नाही आणि आपली तक्रार घाईची होती. ते पत्र खाली चिकटवलं गेलं. मामांना पुन्हा प्रयोगशाळेत यायचं का असं विचारलं, तर ते नको म्हणाले. "वर बरं हाय. हितं काय धुवाय लागत न्हाय, आन् वारं येतंय."

काही दिवसांनी जिन्यात भेटल्यावर ते मला म्हणाले, "सायब आलतं वर. डझनभर नळ्या नेल्या. तुमच्या ल्याबमदी नळ्या न्हाईत व्हय?"

नळ्या भरपूर होत्या. मी विचारलं, "काही बोलले का?"

"न्हाय. उभं हुतं उगंच. पंखा बरा चालतोय का म्हणून इचारलं. मला कळलं की."

१९९८ साली माझी तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक मोठे अभ्यासक होते आणि त्यांनी थिसिस खरोखर वाचला होता. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्या गाईडच्या पद्धतीत साधं पाणी होतं. तुम्ही अल्कली वापरण्याचा निर्णय कशाच्या आधारावर घेतला?"

प्रस्तावनेत मी संदर्भ दिलेले होते. त्यांच्याकडे बोट दाखवून वेळ निभावून नेता आली असती. समोर विभागातले सगळे बसले होते, सर पहिल्या रांगेत. मी म्हटलं, "निर्णय घेतला नाही, सर. फ्लास्क नीट विसळलेला नव्हता."

लोक हसले. परीक्षकही हसले. सर हसले नाहीत, पण त्यांनी मान हलवली. परीक्षकांनी विचारलं, "आणि हे तुमच्या लक्षात केव्हा आलं?"

"दोन महिन्यांनी," मी म्हटलं. "लगेच यायला हवं होतं."

आभाराच्या पानावर मला मामांचा उल्लेख करायचा होता. बांधणीला देण्याआधी मी त्यांना तसं विचारलं होतं. ते म्हणाले होते, "नगा घालू. कुणीतरी वाचंल आन् परत इचारंल, काय केलतं त्या माणसानं." मी घातला नाही.

त्यानंतर मी संशोधन केलं नाही. खास कारण नाही. कोल्हापुरातच एका ज्युनियर कॉलेजात नोकरी मिळाली, लग्न झालं, आणि एसटीने नळ्या घेऊन जाणं त्यात कुठे बसलं नाही. मामा निवृत्त होऊन गावी गेले. सर माझ्या पदवीच्या पुढच्या वर्षी निवृत्त झाले आणि राजारामपुरीत आपल्या घरीच असत.

नवं शतक सुरू होऊन दोनेक वर्षं झाली होती. सरांचा फोन आला, संध्याकाळी वेळ आहे का. मी गेले. त्यांनी हाताने लिहिलेला एक कागद दिला. ज्या नियतकालिकात त्यांचा आकडा छापला होता त्याच्या संपादकांना पत्र. आपल्या जुन्या लेखातला आकडा कमी आहे, कारण द्रावण अल्कली नसल्यामुळे पेरॉक्सिनायट्राइट मोजला गेला नाही. एका विद्यार्थिनीच्या कामातून हे लक्षात आलं. वापरणाऱ्यांनी दुरुस्ती करून घ्यावी.

"आता कशासाठी, सर?" मी विचारलं. "थिसिसमध्ये आलंय ते."

"थिसिस आपल्या लायब्ररीत आहे. आकडा बाहेर आहे." त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे ठेवली. "वाचा आणि चूक काढा."

मी वाचलं. एका ठिकाणी एककं बदलताना दशांशचिन्ह एक घर सरकलं होतं. मी दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, स्वतःशीच हसले आणि खोडून दुरुस्त केलं.

वर्षभराने ती दुरुस्ती छापून आली. कुणाच्या तरी भल्या मोठ्या लेखाच्या शेवटी जी जागा उरली होती तिथे, बारीक टाइपात, सात-आठ ओळी. सरांनी मला बोलावून दाखवली. कुणाचं पत्र आलं का, असं मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "ज्यांनी तो आकडा वापरला त्यांतले बरेच माझ्यासारखे घरी बसले असतील."

त्या पानाची एक झेरॉक्स त्यांनी मला दिली. ती मी थिसिसच्या माझ्या प्रतीत ठेवली आहे. थिसिस कुणी वाचायला मागितला तर दोन्ही एकदमच देते. आतापर्यंत तिघांनी मागितला.